पट्टीचे चौदा दिवस

साई तसा वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी त्याच्यावर डाफरायला नको. पंचविशीतला नवा इंजिनिअर, बोलताना माणसाकडे न बघता हातातल्या वस्तूकडे बघणारा. रांजणगावला आमच्या कंपनीत फ्रिजची पांढरी दारं रंगवली जातात आणि तो पांढरा रंग बरोबर उतरलाय की नाही हे ठरवणं, हे गेली अकरा वर्षं माझं काम आहे. त्यासाठी लाईट बूथ नावाची एक पेटी असते, आतून राखाडी, वर तीन तऱ्हेच्या ट्यूब. एक दिवसाच्या उजेडाची, एक दुकानातल्या उजेडाची, एक घरातल्या पिवळ्या दिव्याची. नमुन्याचं पॅनेल आत ठेवायचं, शेजारी नवा पीस ठेवायचा, एकेक ट्यूब लावायची आणि बघायचं. पांढऱ्यातही निळसर पांढरा, राखी पांढरा, दुधाळ पांढरा असतो, आणि तो फरक मला मशीनच्या आधी कळतो असं सगळी लाईन म्हणते. त्या दिवशी साईनं एक पीस आत सरकवला, ट्यूब लावली आणि म्हणाला, “सुषमाताई, बघा ना, पार दातासारखा पिवळा पडलाय.” मी ‘रिजेक्ट’ म्हणायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. हातानंच खूण केली, पीस लाल ट्रॉलीत टाकला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक अक्षर बोलले नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, साईच्या तर नाहीच.

शिरूरला परतताना कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. त्यानं माझे दात म्हटलं नव्हतं. नुसतं दात म्हटलं होतं. जगात एवढे दात आहेत, त्यातले माझेच कशाला असतील? पण ज्याच्या अंगाला खाज त्यालाच ती कळते. माझे दात पिवळेही नाहीत, खरं सांगायचं तर. पिवळ्याच्या पुढचे आहेत. दोन दातांच्या मधल्या फटीत काळपट रेघ, हिरडीपाशी तपकिरी, पुढच्या दोघांवर शेवाळल्यासारखी झाक. अकरा वर्षं लोकांच्या पांढऱ्यातला डाग काढणाऱ्या बाईच्या तोंडात हे सामान. म्हणून मी हसताना तोंडावर हात धरते. लहानपणी पदर नव्हता तेव्हा ओढणी, ओढणी नव्हती तेव्हा हात. लग्नाच्या अल्बममध्ये सगळे हसतायत आणि मी दात दुखत असल्यासारखी उभी आहे. फक्त मास्कची दोन वर्षं काय ती मी मनसोक्त हसले. लोक मरणाच्या भीतीनं तोंड झाकत होते आणि मी त्या फडक्याच्या आड खिदळत होते. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. मास्क उतरले तेव्हा शेवटपर्यंत लावून बसलेली मीच, आणि लोक म्हणायचे, सुषमाताई काळजी फार घेतात बरं का.

त्या संध्याकाळी सृष्टीचा फोन आला. सृष्टी माझी मुलगी, पुण्यात नोकरी करते, बावीस वर्षांची, आणि माझ्या आवाजावरून मी काय जेवले तेही ओळखते. “काय झालं?” म्हणाली. मी काही नाही म्हटलं. “आई, काय झालं?” तिसऱ्यांदा विचारल्यावर मी हसत हसत सांगितलं, साई असं म्हणाला, किती गंमत. ती हसली नाही. चार दिवसांनी घरी एक पाकीट आलं. आत चौदा जोड्या, दात उजळवणारं जेल लावलेल्या, दातांवर चिकटवायच्या पारदर्शक पट्ट्या, वरच्या दातांसाठी एक, खालच्यांसाठी एक, आणि सोबत कागदाचं एक कार्ड, त्यावर दातांचे सोळा रंग उजळापासून गडदापर्यंत ओळीनं छापलेले. कार्ड बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. बाकी काही कळो न कळो, शेजारी शेजारी ठेवून रंग बघणं मला कळतं. मी आरशासमोर उभी राहिले आणि कार्ड ओठाशी धरलं. सोळावा रंग माझ्यापेक्षा उजळ होता. सृष्टीला सांगितलं नाही. चौदावा आहे म्हणाले.

आता मिश्रीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मी नऊ वर्षांची होते, इनामगावला, आणि माझी दाढ दुखत होती. दुखणं म्हणजे कसं, तर घोड नदीच्या पुलावरून ट्रॅक्टर गेला तरी दाढेत हादरा बसायचा. गावात डॉक्टर नव्हता, शिरूरला न्यायचं तर वांगी तोडणीला आलेली, फुलांचा सीझन, माणूस रिकामा नाही. माझी आई मालनबाई घरामागच्या चुलीवर जुना तवा ठेवून तंबाखू भाजायची. सगळं घर ठसकायचं. भाजून काळी झाली की हातानं चुरायची, वस्त्रगाळ करायची, ती मिश्री. आळीतल्या सगळ्या बाया ती सकाळी दाताला लावायच्या, ओट्यावर बसून, गप्पा मारत, आणि मला तर तेच बायकांचं बाईपण वाटायचं. आईनं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “घास दाढंवर. थुक. गिळू नगंस.” घासली. डोकं गरगरलं, मेथीच्या वाफ्यात जाऊन आडवी पडले, आभाळ फिरत होतं आणि दाढ शांत. किती दिवसांनी शांत. त्या शांततेचा मला जो काही आनंद झाला, तसा नंतर फार थोड्या गोष्टींनी झाला. मग दाढ दुखली की मिश्री, मग दुखली नाही तरी मिश्री. सासरी आले तरी मिश्री. सृष्टी सहावीत असताना शाळेतून तंबाखूचं पोस्टर घेऊन आली आणि मला म्हणाली, माझी शपथ घे. घेतली. तेव्हापासून मिश्रीची डबी न्हाणीघरात कपड्याच्या पावडरीमागे असते आणि माझी सकाळची पहिली वीस मिनिटं पाण्याचा नळ चालू ठेवून जातात. दहा वर्षं पोरीच्या शपथेवर मी मिश्री घासत आले. खरं आहे ते आहे.

पट्टीची पहिली संध्याकाळ मला नीट आठवते. सृष्टी व्हिडिओ कॉलवर. “दात कोरडे कर. टिश्यूनं. आता चिकटव. वरची कड हिरडीला लावू नको, उरलेली मागे दुमड.” मी दुमडली. थंडगार, बुळबुळीत, आणि एक रासायनिक वास, कंपनीत दारं रंगवायच्या आधी धुतात त्या टाकीच्या जवळपासचा. अर्धा तास ठेवायची. अर्धा तास बोलायचं नाही, गिळायचं बेतानं, तोंडात लाळ साठत राहते. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. आमच्या बिल्डिंगखाली भाजीवाल्याशी एक बाई मोठ्यानं भांडत होती आणि मला खालून कुणी हाक मारली असती तर ओ देता आली नसती. गप्प बसायचं म्हटलं की किती आवाज होतात डोक्यात. आईची आठवण आली, साईची आली, लग्नात फोटोवाला “जरा हसा” म्हणाला आणि सासूबाई मध्येच म्हणाल्या, “राहू द्या, ती न्हाई हसत,” तीही आली. अर्ध्या तासानं पट्टी काढली, चूळ भरली, आरशात बघितलं. काही नाही. मी जशी होते तशीच. उगाचच बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मात्र फरक दिसला. घरच्या दिव्यात नाही, त्याच्यावर माझा विश्वासच नाही, पिवळ्या उजेडात कुणाचेही दात बरे दिसतात. मी कार्ड पर्समध्ये घालून कंपनीत नेलं. चहाच्या सुट्टीत लाईनवर कुणी नसताना बूथची दिवसाची ट्यूब लावली, खिशातला छोटा आरसा काढला, मान वाकवून डोकं त्या पेटीत घातलं आणि दात विचकले. कुणी बघितलं असतं तर ताई कामातून गेल्या म्हणालं असतं. पण जिथं मी लोकांची दारं तपासते तिथंच माझं तपासलं गेलं पाहिजे, एवढा प्रामाणिकपणा मला हवा होता. पुढचे चार दात पंधराव्या रंगावर आले होते. पुढच्या दोन दिवसांत चौदाव्यावर. दातांवरची ती शेवाळी झाक गेली होती. फटीतल्या काळ्या रेघा मात्र जिथल्या तिथं, उलट आजूबाजूचं उजळल्यामुळं जास्तच उठून दिसत होत्या. म्हणजे पट्टी काम करत होती. पट्टी तिचं काम चोख करत होती. मी सृष्टीला रोजचा फोटो पाठवायचे आणि ती टाळ्यांचं चित्र पाठवायची.

पाचव्या दिवशी ठणका सुरू झाला. सकाळी पाणी तोंडात घेतलं आणि पुढच्या दातातून एक सणक गेली ती थेट डोळ्याच्या मागे. पाकिटावर लिहिलं होतं म्हणे, काहींना थोडी सणक जाणवेल, एक दिवस सोडून लावा. ते मी वाचलं नव्हतं. मला दात दुखल्यावर काय करायचं हे नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. हात आपोआप पावडरीच्या डब्यामागे गेला. एरवी एकदा लावायचे, त्या दिवशी दोनदा लावली, आणि खाली, खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला थोडी ठेवून दिली, म्हणजे उरेल. सणक गेली. संध्याकाळी पुन्हा पट्टी, सकाळी पुन्हा मिश्री. मी इतकी वेडी नाही की हे मला कळत नव्हतं. संध्याकाळी जे धुवायचं ते सकाळी मळवायचं, हे दिसत होतं. पण दुखतंय तर दुखणं थांबवायचं, उरलेलं नंतर बघायचं, अशीच मी जगत आले आहे आणि माझ्या ओळखीच्या सगळ्या बायका तशाच जगतात.

आठव्या दिवशी बूथमध्ये डोकं घातलं आणि खालचा ओठ बोटानं खाली ओढला. खालचे दात नीट दिसावेत म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या ओठाच्या आत दिवसाच्या उजेडात बघितलं असेन. तिथं, हिरडी आणि ओठाच्या मधल्या खाचेत, एक पांढरा पट्टा होता. बोटाच्या पेराएवढा. माझा धंदाच पांढऱ्याचा, म्हणून मला लगेच दिसलं की हा पांढरा दाताचा नाही, लाळेचा नाही, पट्टीच्या जेलसारखा आहे, कोरडा, सुरकुतलेला. म्हटलं, जेल राहिलंय, चूळ नीट भरली नाही. घरी येऊन ब्रशनं घासलं. गेलं नाही. तर मग काय केलं असेल मी? दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्रीचं बोट घेऊन तिथंच खसाखसा घासलं. भांड्याचा डाग निघेना की राख जास्त घ्यायची, एवढीच माझी अक्कल. आज ते आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, आणि त्याच वेळी त्या आरशासमोरच्या बाईची दयाही येते.

तो रविवार होता आणि सृष्टी घरी आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, “दाखव.” मला खिडकीपाशी उभं केलं, मोबाईलची बॅटरी लावली. “वरचे भारी झालेत गं! खरंच!” मग खालचा ओठ धरून ओढला. “हे बघ, जेल राहिलंय. नीट धुत नाहीस ना?” रुमाल ओला करून आणला आणि पुसायला लागली. हळू पुसलं, मग जोरात. मी हूं हूं करत होते. तिचा हात थांबला. बॅटरी तशीच धरलेली, चेहरा माझ्या तोंडाजवळ, आणि मी तिच्या नाकपुड्या हललेल्या बघितल्या. रुमालाकडे बघितलं तिनं. रुमालावर तपकिरी आलं होतं.

“आई, तू अजून लावतेस?”

मी नाही म्हणायला गेले. पण खालचा ओठ तिच्या बोटात होता, आणि ओठ दुसऱ्याच्या हातात असताना खोटं नीट उमटत नाही. काहीतरी अर्धवट आवाज निघाला. तिनं ओठ सोडला. मला वाटलं आता आरडाओरडा, आता शपथ, आता रडारड. तिनं यातलं काही केलं नाही. त्या पांढऱ्या पट्ट्याचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, न्हाणीघरात गेली, पावडरीचा डबा सरकवल्याचा आवाज आला, आणि डबी घेऊन ती बाहेर आली. डबी तिला कुठं आहे ते माहीत होतं. म्हणजे केव्हापासूनच माहीत होतं. “मला वाटायचं तू आपणहून सोडशील,” एवढंच म्हणाली आणि डबी आपल्या बॅगेत टाकली. माझ्या पोरीनं किती वर्षं मला खोटं बोलू दिलं, माझी लाज राखत, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण मी पोहे करायला आत गेले.

सृष्टीच्या मैत्रिणीची बहीण दौंडला दातांची डॉक्टर, स्नेहल नाव. मंगळवारची वेळ मिळाली. सृष्टीचे पप्पा, जालिंदर, पाटसकडच्या साखर कारखान्यात असतात, गाळपाच्या दिवसांत आठवड्याला एकदा घरी येतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, “दौंड मला हितनं जवळ हाय. तू बस धर, मी येतो.” शिफ्ट बदलून आले, अंगाला मळीचा वास, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचा हात खिशातल्या तंबाखूकडे जायचा आणि परत यायचा. जायचा आणि परत यायचा. संबंध वेळात एकदाही पुडी बाहेर काढली नाही. आमच्या चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला फुलं वगैरे कधी आणली नाहीत, आणि ती उणीव मी अधूनमधून बोलूनही दाखवते. आता नाही दाखवणार.

डॉक्टर लहानखुरी, चष्म्यावर दुसरा भिंगाचा चष्मा. “किती दिवस झाले हे?” तिनं विचारलं. “तीन-चार,” मी म्हटलं, “पट्टीचं जेल असंल.” ती म्हणाली, “पट्टीचं जेल हिरडीला लागलं तर हिरडी पांढरी पडते, पण ते एक-दोन दिवसांत जातं. हे पट्टीचं नाही काकू. पट्टीच्या खूप आधीचं आहे. मिश्री किती वर्षं?” बाहेर नवरा ऐकतोय हे माहीत असून मी खरं सांगितलं. सदतीस. तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, “छोटा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवते. आठ दिवसांत कळेल.” “काय कळंल?” मी विचारलं. डॉक्टरनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, “कॅन्सर आहे की नाही ते.” भुलीचं इंजेक्शन, कात्रीचा एक बारीक आवाज, दोन टाके. दुखलं काहीच नाही.

ते आठ दिवस मी कामावर गेले. घरी बसून काय करणार होते? दारं येत होती, पांढरी, ओळीनं, हुकाला टांगलेली, आणि मी त्यांच्यातला पांढरा डाग शोधत होते. पांढऱ्यावरचा पांढरा. पूर्वी मला वाटायचं डाग म्हणजे काळं काहीतरी, तपकिरी काहीतरी, ज्याची लाज वाटते ते. मी आयुष्यभर ज्याला झाकत होते त्यानं मला काही केलं नव्हतं, आणि जे करणार होतं ते माझ्याच आवडत्या रंगाचं होऊन आत बसलं होतं. सकाळी उठले की हात पावडरीच्या डब्याकडे जायचा आणि मागे भिंत लागायची. डोकं जड, तोंड कोरडं, पोट तर संपावरच गेलं, मिश्रीशिवाय त्याला सकाळ झाल्याचं कळेना. बडीशेप खाल्ली, कोमट पाणी प्याले, नवऱ्यावर फोनवरून ओरडले. ओरडताना टाके ओढायचे. मग मला आठवायचं की ससूनला एकदा एका नातलगाला बघायला गेले होते तेव्हा एक बाई दिसली होती, गालाचा अर्धा भाग नसलेली, नळीनं पेज घेत होती, आणि डोळ्यांनी हसली होती माझ्याकडे बघून. मी तेव्हा सवयीनं तोंडावर हात धरला होता. आता बसमध्ये, लाईनवर, पोळ्या लाटताना मला तिचे डोळे दिसायचे. इतकी वर्षं तोंड लपवत आले, आणि आता तोंडच जातंय की काय. ओठ गेला तर मी ‘प’ कसा म्हणेन, प्रांजलला हाक कशी मारेन, ती माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी आहे, दिवसातून वीसदा हाक मारते तिला. लाईनवर कुणी नसताना मी हळूच म्हणून बघायचे, प्रांजल, प्रांजल. तिनं एकदा ऐकलं आणि धावत आली, “काय ताई?” मी म्हटलं, काही नाही, नाव छान आहे तुझं. ती लाजली. तिचे दात एका रेषेत आणि मुळीच पांढरे नाहीत, चांगले हळदुवे आहेत, आणि ती त्या सगळ्यांनिशी हसते. अकरा महिने शेजारी बसून हे मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा दौंडच्या बाकावर. डॉक्टरनं आत बोलावलं, कागद समोर ठेवला, आणि कागद न बघता सांगितलं, “कॅन्सर नाही.” मग म्हणाली की पेशी बदलायला लागल्या आहेत, पण थोड्या. मिश्री पूर्ण बंद ठेवली तर बहुतेक हे मागे फिरेल. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, एकही खाडा नाही. “अजून दोन-तीन वर्षं तुम्ही ओठात बघितलं नसतं तर माझ्याकडे यायचं कारण वेगळं असतं,” ती म्हणाली. मी मान हलवत होते, हलवतच होते. सृष्टीचे पप्पा उभे राहिले, खुर्चीला हात धरून, आणि म्हणाले, “म्हंजी हाय ना ही? ऱ्हाती ना?” डॉक्टर म्हणाली, “राहतात.” मग मला काहीतरी बोलायला हवं म्हणून, किंवा रडू येऊ नये म्हणून, मी विचारलं, “आन् पट्टी? उरलेल्या पाच जोड्या हायत. वाया जातील.” डॉक्टर खळखळून हसली. म्हणाली, दोन रंग उजळलेत तुमचे दात, पट्टीनं जेवढं होतं तेवढं झालंय, रेघा मात्र पट्टीनं नाही जाणार, त्या इथं साफ करून देईन, आता तोंड बरं होईपर्यंत काही लावू नका. मीही हसले. हात वर गेला, अर्ध्यात आला, आणि मला समोरचा कागद उचलायचा होता म्हणून खाली गेला.

आभार कुणाकुणाचे मानू? सांगतेच. त्या बुळबुळीत पट्टीचे, जिनं मला दोन रंग दिले आणि आरशात बघायला लावलं. साईचे, ज्याला जन्मात कळणार नाही. बूथच्या दिवसाच्या ट्यूबचे. सृष्टीचे तर मी मानूच शकत नाही, ते मापात मावत नाहीत. दवाखान्याबाहेर रसवंतीवर तिला फोन लावला, तर पलीकडून आधी काहीच ऐकू येईना, मग नाक ओढल्याचा आवाज, मग, “थांब, मी मीटिंगमध्ये आहे,” आणि फोन न ठेवता ती तिथंच रडत राहिली. तिच्या मागे कुणीतरी आकडे वाचून दाखवत होतं.

सृष्टीचे पप्पा कारखान्यावर परत गेले, रात्रपाळी धरायची होती. मी शिरूरची गाडी पकडली नाही. वाट वाकडी करून इनामगावला गेले. आठ दिवस एकच गोष्ट मी स्वतःलाही सांगितली नव्हती, की मी सदतीस वर्षं लावत होते तर आई साठ वर्षं लावतेय. आणि ती सांगताना दुसरी गोष्ट सांगावी लागणार होती, की मला कुणामुळं लागली. बसमध्ये मी वाक्यं जुळवली, मोडली. आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, सत्तरी उलटलेली, पायाशी ओलं पोतं. “आज कशी काय गं मधीच? सुट्टी हाय व्हय?” मी तिच्यासमोर बसले, मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हटलं, “आई, आ कर.”

“काय?”

“तोंड उघड. मला बघू दे.”

“माझ्या तोंडात काय बघतीस? चार दात हायती, त्ये बी हालत्यात.” पण उघडलं. मी बॅटरी आत धरली, जीभ बाजूला घ्यायला लावली, दोन्ही गाल ओढून बघितले, वरचा ओठ, खालचा ओठ, हिरडीची खाच. हिरड्या काळवंडलेल्या, पण पांढरं कुठं नाही. मी दोनदा बघितलं. तरी स्नेहलकडे दाखवायचंच, मी मनात म्हटलं, आणि हायसं वाटून तिथंच बसकण मारली. मग सांगितलं. सगळं. पट्टी, पांढरा डाग, तुकडा, आठ दिवस, कागद. तिचे हात मेथीत थांबले.

“म्या दिली व्हती न्हवं तुला,” ती म्हणाली. “दाढ दुखत व्हती तवा.”

मी बसमध्ये जुळवलेली वाक्यं होती. तसं काही नाही आई, तुला तरी कुठं माहीत होतं आई. ती तोंडाशी आली आणि मला ती नको वाटली. दहा वर्षं एकीशी खोटं बोलून झालं होतं. “व्हय, तूच दिलीस,” मी म्हटलं. “आन् दाढ थांबली व्हती माझी. किती दिस रडत व्हते मी. तूच थांबवलीस.”

तिनं मेथी खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले, नीट, एकेक बोट. “बघू,” म्हणाली. माझी हनुवटी धरून तिनं मला उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं माझा खालचा ओठ खाली ओढला. तिला आता जवळचं दिसत नाही, टाक्यांची जागा तिला दिसली असेल असं मला वाटत नाही. तरी ती बघत राहिली. मग पुढे वाकली आणि पोराच्या फुटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी हळूच फुंकर घातली, एकदा, पुन्हा एकदा. तिच्या फुंकरीला मिश्रीचा वास होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मी ओठ तसाच तिच्या हातात राहू दिला.